ताप नसलेला न्यूमोनिया

“डॉक्टर, आई दोन दिवस नेहमीसारख्या नाहीत,” एवढेच त्या सूनबाई सांगत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या आजी गप्प बसून होत्या. जेवण कमी झालेले, खोकला जेमतेम, ताप नाही. आदल्या दिवशी तपासलेले सीआरपीही अगदी नॉर्मल. मात्र श्वास मिनिटाला 28 वेळा चालत होता, म्हणून एक्स-रे काढला. त्यात न्यूमोनिया निघाला.

उलगडा फाइलमध्ये होता. आमवातासाठी, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, आजींना टोसिलिझुमॅबची इंजेक्शने सुरू होती.

आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर ‘आयएल-6-आर’ हे जनुक असते. त्याच्या आराखड्यानुसार पेशींवर इंटरल्यूकिन-6 चा रिसेप्टर तयार होतो. इंटरल्यूकिन-6 हा प्रतिकारशक्तीचा निरोप्या, आणि रिसेप्टर हे निरोप आत घेणारे दार. निरोप पोहोचला की यकृत सीआरपी बनवते, ताप चढतो. आमवातात सांधेही सुजतात. ओसाका विद्यापीठातील तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने 1988 मध्ये या रिसेप्टरचे जनुक शोधले आणि पुढे त्यातूनच हे औषध आले. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत ज्याच्यासाठी नातेवाईक वणवण फिरले, तेच हे इंजेक्शन.

ते दार बंद करते. सांध्यांना आराम पडतो. पण जंतुसंसर्ग झाला तरी ताप आणि सीआरपी वाढतीलच असे नाही. अशा रुग्णाचा नॉर्मल रिपोर्ट पाहून मी तरी निर्धास्त होत नाही. घरच्यांनीही थर्मामीटरवर विसंबू नये. धाप, सुस्ती, नवा गोंधळलेपणा, लघवीची जळजळ यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोटात तीव्र कळ आल्यास थेट रुग्णालय गाठावे, कारण या औषधाने क्वचित आतड्याला छिद्र पडते. औषध सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी झालेली असावी.

भिऊन उपचार मनानेच सोडू नयेत. सांधे पुन्हा सुजतात. संसर्ग असताना पुढचा डोस लांबवायचा का, हे संधिवाततज्ज्ञांना विचारावे. दातांच्या डॉक्टरांसह प्रत्येकाला इंजेक्शनचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगावी.

आजी बऱ्या झाल्या. तज्ज्ञांनी त्यांचा पुढचा डोस लांबवला. सूनबाईंनी आता औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहून फाइलच्या पहिल्याच पानावर चिकटवले आहे.