कोन साधला म्हणजे पाप फिटलं का?

हिवाळी अधिवेशन आलं की नागपूरच्या सीताबर्डीत मॉरिस कॉलेजच्या टी-पॉईंटवर मोर्चे अडवले जातात. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यात तेव्हा रोही (नीलगाय) आणि रानडुकराचं नाव हमखास असतं. हाताशी आलेली तूर, हरभरा एका रात्रीत आडवा होतो, हे कुणी नाकारू नये. पण या खऱ्या दुःखाच्या आडोशाने अलीकडे एक वेगळाच युक्तिवाद पुढे केला जातो. अमेरिकेत परवाना काढून हरणांची धनुष्यबाणाने शिकार होते, आधुनिक कंपाउंड धनुष्य अचूक असतं, योग्य कोनातून बाण सोडला तर जनावर तडफडत नाही. मग अशा नीतिमान शिकारीला आपल्याकडेच एवढा मज्जाव का?

या युक्तिवादातलं तथ्य आधी मान्य केलं पाहिजे. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचं पातं कापत जातं आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणून हरीण पूर्ण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या किंचित मागे, दोन्ही फुप्फुसांतून बाण पार होईल असाच नेम धरतात. हरणाचं तोंड तिरपं पलीकडे असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने. समोरून आला तर बाण फऱ्याच्या किंवा छातीच्या हाडावर अडतो, मागून सोडला तर पोटात घुसतो. उंच मचाणावरून खूप खाली मारला तर एकच फुप्फुस सापडतं आणि जखमी जनावर कोसभर पळतं. हे नियम अनुभवातून आलेले आहेत आणि त्यांमागे कणव आहे. माझा वाद या नियमांशी नाही. ते पाळले की शिकार निर्दोष ठरते, या निष्कर्षाशी आहे.

पहिली गोष्ट, कोन ठरवणं एकट्या धनुर्धराच्या हातात नसतं. बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो, आवाज सुमारे ३४०. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज आधी पोचतो आणि बाण त्यानंतर पाव सेकंदाने. तेवढ्यात ते उडी घेण्यासाठी अंग खाली दाबतं आणि फुप्फुसावर धरलेला नेम पाठीच्या कण्यावर जातो. खात्री करायची तर सीताबर्डीला लागूनच महाराजबाग आहे. तिथे चितळांसमोर थोडा वेळ उभं राहावं. चरणाऱ्या मादीचा एक कान सतत आपल्याकडे वळलेला दिसेल. जरा चप्पल घासली की मान वर, शेपटी ताठ, पुढचा खूर जमिनीवर आपटलेला, आणि मघाशी आडवं असलेलं अंग आता समोरासमोर. माणसांना सरावलेल्या चितळाची ही तऱ्हा, मग पेंचच्या जंगलातल्या चितळाची काय असेल?

अचूकतेचा दाखला म्हणून आपल्याच ओजस देवतळेचं नाव घेतलं जातं. नागपूरच्या या पोराने २०२३ मध्ये बर्लिनला अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून जगज्जेतेपद आणलं, याचा अभिमान मलाही आहे. पण पन्नास मीटरवरचं ते लक्ष्य हलत नाही, घाबरत नाही, आणि नेम बोटभर चुकला तर फक्त एक गुण जातो. इथे बोटभर चुकीची किंमत जनावर रात्रभर मोजतं.

दुसरी गोष्ट, ही शिकार करायची कुठे? शेतात रोही येतात रात्री, कळपाने. एकाच्या मागे दुसरं उभं असतं. जखमी जनावर पऱ्हाटीतून झुडपी जंगलात शिरलं की माग काढणं दूरच, कुठल्या दिशेला गेलं तेही उमगत नाही. कोनाचं शास्त्र ज्या उजेडावर, मोकळ्या नजरेवर आणि धीरावर उभं आहे, त्यातलं काहीच इथे नसतं.

आणि तिसरी गोष्ट, नीती नेमापाशी सुरू होत नाही. महाभारताच्या आदिपर्वात पांडू मृगरूपातल्या किंदम ऋषीला बाण मारतो तो समागमाच्या क्षणी. पांडू राजधर्माचा आणि अगस्त्यांच्या मृगयेचा आधार घेतो. किंदम म्हणतो, मारलंस याचा दोष देत नाही, पण तू थांबायला हवं होतंस. पांडूचा नेम चुकला नव्हता, थांबण्याचा विवेक चुकला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येतही जखमी करणं आणि तसा प्रयत्नही शिकारच ठरतो, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेच संपले. हा मज्जाव योग्य आहे. तो राहिलाच पाहिजे.

पण मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे. काही प्राणिमित्र म्हणतात, मारणं ते मारणंच, कोनाची चर्चा हीच क्रूरता. या सोवळेपणाने एकही जनावर वाचत नाही. कायद्याचं कलम ११ पीक उद्ध्वस्त करणाऱ्या जनावराला मारण्याची लेखी, सकारण परवानगी देतं, आणि महाराष्ट्रात रोही, रानडुकरासाठी ती दिली जाते. मग ते जनावर कसं मरतं, हे विचारायचं नाही? न विचारल्याने काय होतं ते विदर्भ पाहतोच आहे. तारेत सोडलेला करंट, फासे, विष. त्यात रानडुक्कर मरतं, वाघ मरतो आणि कधी शेजारचा शेतकरीही.

कोन विचारण्याचं मोल नागपूरने एकदा पाहिलं आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव परिसरात, नरभक्षक म्हणून मारण्याचा आदेश निघालेली टी-१ म्हणजे अवनी वाघीण मारली गेली. ती अंगावर आली म्हणून गोळी झाडली, असं सांगण्यात आलं. नागपूरच्या गोरेवाड्यातल्या शवविच्छेदनातून मात्र तिचं तोंड गोळी झाडणाऱ्याकडे नव्हतं, असं पुढे आलं. २०२१ मध्ये तिच्या मृत्यूवरून सर्वोच्च न्यायालयात आलेलं अवमान प्रकरण मिटलं, कारण मारण्याच्या आदेशाला न्यायालयाची संमती होतीच. पण त्या रात्रीचा पहिला विश्वासार्ह प्रश्न जखमेनेच विचारला होता.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. हरणाची धनुष्यबाणाने शिकार नको, कोन कितीही साधला तरी नको. आणि जिथे कायदाच मारण्याची परवानगी देतो, तिथे कोनाची शिस्त त्या परवानगीच्या कागदावर अट म्हणून लिहा. जनावर आडवं उभं असेल, मागे दुसरं जनावर वा वस्ती नसेल आणि दिसत असेल तरच गोळी. नेमबाज परीक्षा देऊन निवडलेला. जखमी जनावराचा माग काढून त्याची सुटका केल्याशिवाय काम संपलं असं मानायचं नाही. प्रत्येक मृत जनावराची जखम कुठून आत गेली, याची नोंद वनखात्याने ठेवायची आणि ती मागेल त्याला दाखवायची. शेतकऱ्याला नुकसानभरपाई वेळेत मिळाली तर यातल्या बऱ्याच गोळ्या वाचतील. पण जी झाडावीच लागेल, तिचा हिशेब सरकारने द्यायला हवा. पुढच्या अधिवेशनात रोह्यांचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांनी भरपाईच्या मागणीशेजारी ही मागणीही लिहावी.