रस्त्यांची मोजदाद

यंदाचा अंक आम्ही शहरांतील रस्त्यांना वाहिला आहे. सणासुदीच्या अंकास हा विषय रुक्ष वाटेल, अशी शंका काही स्नेह्यांनी बोलून दाखविली. परंतु ज्या शहरात आपण दिवे उजळतो, ते आपत्काळी तग धरील की नाही, हे पुष्कळ अंशी त्याच्या रस्त्यांच्या रचनेवरच ठरत असते.

1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगाचे निदान केले आणि मुंबईच्या कोंदट वस्त्यांचा प्रश्न सरकारदरबारी दाखल झाला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढण्यात आला, दादर-माटुंग्यास आखीव वसाहती उभ्या राहिल्या. ज्या गरिबांची घरे या कामी पाडली गेली, त्यांच्या निवाऱ्याची तजवीज मात्र फार अपुरी झाली. तेव्हापासून रुंदी हेच रस्त्याच्या गुणवत्तेचे माप दफ्तरी रूढ झाले.

ते माप किती अपुरे आहे, हे मुंबईच्या उपनगरांत दिसते. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाणी पडले. पण तेथील मिलन सबवे काय किंवा अंधेरीचा काय, तुंबण्यास एवढा प्रलय लागत नाही. रुळांखालून जाण्यासाठी रस्ता खाली उतरतो, भोवतालचे पाणी त्याच खोलगटात धाव घेते, दोन्ही तोंडे बंद करावी लागतात आणि पूर्वेकडून पश्चिमेच्या इस्पितळाकडे निघालेल्या रुग्णास, जवळचे हमरस्ते कितीही प्रशस्त असले तरी, एखाद्या पुलाचा वळसा घ्यावा लागतो.

तेव्हा रुंदीबरोबरच पर्यायी वाटा किती हे कळण्यासाठी, एका चौरस किलोमीटरात चौक आणि तिठे किती, पुढे वाट नसलेल्या गल्ल्या किती, आणि एक दुवा तुटल्यास फेरा किती वाढतो, हे मोजले पाहिजे. शिवाय ही मोजणी जमिनीच्या चढउताराशी ताडून पाहिली पाहिजे, कारण मुंबईतील हिंदमातेसारख्या सखल भागात रस्ते अनेक असूनही ते एकाच पाण्यात बुडतात.

आमच्या नगरपालिका दरसाल डांबरीकरणाचा जमाखर्च मांडतात. त्याच्याच शेजारी या मोजणीचा तपशील प्रभागवार प्रसिद्ध व्हावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. वाचकांनीही पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या नगरसेवकास एवढे अवश्य विचारावे, की आमच्या वस्तीतून इस्पितळाकडे जाणारा दुसरा रस्ता कोणता, आणि तो पाण्याबाहेर राहतो काय?