'निवांत' हे विशेषण कोणाचे?

आग्नेय आशियातल्या लहान गावांविषयीचे मराठी प्रवासलेख अलीकडे दिवाळी अंकांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत बरेच दिसतात. त्यांचा साचा ठरलेला आहे. आधी बँकॉक किंवा हनोई, म्हणजे उकाडा, गोंगाट आणि वाहनांची कोंडी. मग रात्रीचा प्रवास, आणि सकाळी नदीकाठचे एक गाव, जिथे 'वेळ थांबलेला' असतो. लेखक तिथे कॉफी घेतो आणि मुंबईच्या धावपळीविषयी दोन उदास वाक्ये लिहून मोकळा होतो. हे आम्ही तुच्छतेने म्हणत नाही. कारण आम्ही दोघींनी, वागळे इस्टेटमध्ये राहणाऱ्या आणि मराठी शिकवणाऱ्या दोन प्राध्यापिकांनी, दिवाळीच्या सुट्टीत तीच वाट पायाखाली घातली आणि परत येऊन अगदी तसाच लेख लिहिला.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने नोंगखाय, मेकाँगवरचा पूल ओलांडून लाओसची राजधानी व्हिएन्तिआन, आणि तिथून डिसेंबर २०२१मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने सुमारे दोन तासांत लुआंग प्रबांग. मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरचे हे जुन्या राजांचे गाव १९९५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पहाटे भगव्या चीवरातले भिक्खू अनवाणी रांगेने निघतात आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाया त्यांच्या पात्रांत भाताचे घास घालतात. आपल्या माधुकरीची आठवण व्हावी असे ते दृश्य. आमच्या लेखात एक वाक्य होते : 'चटईवर बसलेली एक वृद्धा निवांतपणे भात वाढत होती.'

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना तो लेख आम्ही एम.ए.च्या वर्गात वाचून दाखवला. थोडा मिरवायचाही हेतू होता, हे मान्य करायला हवे. किसननगरमधून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, तो भात शिजवायला ती बाई किती वाजता उठली असेल?" तिची आई इथल्या कंपन्यांत पोळीभाजीचे डबे पुरवते, रोज पहाटे तीनला उठते. प्रश्नात कसलाही खवचटपणा नव्हता. तिला खरोखरच वेळ जाणून घ्यायची होती.

आम्हाला उत्तर आले नाही. आदल्या रात्री भिजत घातलेला तो चिकट तांदूळ पहाटे बांबूच्या टोपलीत वाफवावा लागतो, हे आम्ही नंतर वाचून काढले. जुन्या गावातली कितीतरी घरे आता पाहुण्यांसाठी भाड्याने गेली असून मूळ कुटुंबे गावाबाहेर राहायला गेली आहेत, हेही तेव्हाच कळले. ज्या शांत ओसरीवर आम्ही कॉफी घेतली, तिथे पूर्वी कोणी राहत असेल ही शंकाही आम्हाला शिवली नव्हती. आणि 'वेळ थांबलेला' या शब्दांविषयी तर न बोललेले बरे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने ज्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, तिथे वेळ नेमका कधी थांबला होता?

आमचा आक्षेप विश्रांतीला नाही. थकलेल्या माणसाने जरूर जावे, चार दिवस लोळावे. आक्षेप आहे तो स्वतःच्या सुट्टीचे विशेषण गावाला चिकटवण्याला. निवांत आम्ही होतो. गाव कामात होते. पुलंच्या 'पूर्वरंग'ने आग्नेय आशिया आणि जपान मराठी वाचकाच्या घरी आणले, पण पुल माणसांशी बोलत होते. त्यांच्यामागून गेलेल्या आम्हां अनेकांनी त्यांचा हरखलेपणा तेवढा घेतला. त्याहून मागे जावे तर १९०७मध्ये छापले गेलेले गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' आहे. वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडायला दक्षिणा मिळावी म्हणून उत्तरेकडे निघाला आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडला. पोटासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चुलीकडेही पाहावेसे वाटते. मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेत ही नजर होती. ती कधी सुटली, याचा कोणी अभ्यास करावा.

गंमत अशी, की एके काळी ठाणे हेच असे गाव होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, तेव्हा तिच्यातून उतरलेल्या पाहुण्याने तळ्यांच्या आणि खाडीच्या या गावाविषयी काय लिहिले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. पुढे १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा स्थापना-समारंभ याच वागळे इस्टेटमध्ये झाला. तेव्हापासून आम्हाला निवांत म्हणण्याची चूक कोणी केलेली नाही. रायलादेवी तलावावर संध्याकाळी माणसे बसलेली असतात. पण ती पाळी संपवून आलेली आहेत, हे आम्हाला सांगावे लागत नाही.

लेख अजून छापायला दिलेला नाही. 'निवांतपणे' हा शब्द खोडला आहे. त्या बाईंशी आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो, त्यामुळे त्या किती वाजता उठतात ते लिहायची जागा हस्तलिखितात कोरीच आहे.