ओळखीवाचून करुणा नाही

दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या काळात देशभर वन्यजीव सप्ताह साजरा होतो. शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात, घोषवाक्ये लिहिली जातात, प्रभातफेरी निघते. बहुतेक चित्रांत वाघ असतो, आणि तो वाघ बहुधा मुलांनी दुसऱ्या चित्रावरून काढलेला असतो. सप्ताह संपला की फलक उतरतात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. या उपक्रमांमागील सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु सात दिवसांच्या घोषणांनी मुलांच्या मनात वन्यजीवांविषयी टिकाऊ आस्था रुजते, असे मानणे मला कठीण वाटते. ज्याची ओळख नाही, त्याच्याविषयी करुणा निर्माण होत नाही. आणि ज्याची भीती वाटते, त्याच्याविषयीची भीती प्रामाणिकपणे समजून घेतल्यावाचून करुणेचा उपदेश करणे व्यर्थ आहे.

आपल्या परंपरेत या विचाराला फार जुना आधार आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेला पाचवा स्तंभलेख विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावा. त्यात ‘प्राण्यांवर दया करा’ एवढाच मोघम आदेश नाही. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव अशी अवध्य प्राण्यांची नावानिशी यादी आहे. तीत मुंगीसारख्या क्षुद्र मानलेल्या जीवालाही स्थान आहे. जे चतुष्पाद माणसाच्या उपयोगाचे नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, त्यांनाही त्या लेखाने अभय दिले आहे. जीवजंतू असलेले भूस जाळू नये, विनाकारण किंवा प्राणिहत्येसाठी वने पेटवू नयेत, असेही त्यात बजावले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जे समजले होते, ते आजच्या शिक्षणाने विसरू नये. रक्षण करावयाचे तर आधी नाव ठाऊक हवे, आणि रक्षणाचा हक्क केवळ देखण्या वा उपयुक्त प्राण्यांपुरता नसतो.

आपल्या निवासी शाळेत मुले दररोज पंचशील ग्रहण करतात. त्यातील पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे आहे. पण आवारात पाल दिसली की दगड उचलला जातो, साप दिसला की काठ्या घेऊन धावाधाव होते. मुले दुष्ट असतात म्हणून हे घडत नाही. ती घाबरलेली असतात म्हणून घडते. ही भीती निराधारही नाही. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत मोठा वाटा ग्रामीण, कष्टकरी माणसांचा आहे. अशा घरांतून आलेल्या मुलाला ‘साप आपला मित्र आहे’ एवढेच सांगून थांबणे ही त्याची फसवणूक होय.

त्याला पूर्ण ज्ञान द्यावे. आपल्याकडे बहुतेक घातक दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी आहेत. मण्यार रात्री वावरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी, पादत्राणे झटकून घालावीत. दंश झालाच तर चिरा देणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. साप उंदरांवर जगतो, म्हणजे धान्याच्या कोठाराचा तो राखणदार आहे, हेही त्याच वेळी सांगावे. स्वतःचा जीव कसा वाचवावा हे ज्याला कळले, त्यालाच सापाचा जीव वाचविण्याचे धैर्य होते.

हीच गोष्ट वाघ-बिबट्यांची. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत जंगलाच्या कडेला राहणारी कुटुंबे उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यासाठी पहाटे जंगलात जातात. वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना तेथे घडतात. ज्याच्या घरची शेळी बिबट्याने नेली, ज्याच्या आईवडिलांचे पीक रानडुकरांनी एका रात्रीत उद्ध्वस्त केले, तो विद्यार्थीही आपल्याच वर्गात बसलेला असतो. शहरातील माणसाचे वाघप्रेम त्याच्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याला वर्गात बोलू द्यावे. मग वन विभागाला तात्काळ कळवून पंचनामा करून घेतल्यास नुकसानभरपाई मागता येते, महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, ही माहिती त्याच्या हाती द्यावी. जंगलात एकट्याने जाऊ नये, समूहाने आणि बोलत जावे, हे त्याने घरी सांगावे. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आहे आणि त्यातून वणवे लागतात. पाचोळा झाडून घेतला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तर फुलेही मिळतात आणि जमिनीवरची अंडी-पिले वाचतात. अशोकाच्या आदेशाचे आजच्या झाडीपट्टीतील आचरण ते हेच.

वन्यजीवांचा आणखी एक शत्रू आहे, आणि त्याच्याशी लढण्याची आपल्या चळवळीची परंपराच आहे. तो म्हणजे अंधश्रद्धा. गुप्तधन मिळते या समजुतीपायी मांडुळाची तस्करी होते. औषधी म्हणून खवल्या मांजराचे खवले विकले जातात, जादूटोण्यासाठी घुबडांचा बळी दिला जातो. साप दूध पितो या कल्पनेपायी कित्येक नागांचे हाल होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे प्राणी पकडणे, विकणे गुन्हा ठरविले आहे. परंतु कायद्याचा हात पोहोचण्याआधी घरातील प्रश्न विचारणारे मूल पोहोचू शकते. ‘याला पुरावा काय?’ असे विचारावयास शिकलेला विद्यार्थी वन्यजीवांचा खरा रक्षक आहे. प्रज्ञा आणि करुणा या वेगळ्या वाटा नाहीत, हे येथे स्पष्ट दिसते.

गिधाडांचे उदाहरणही मुलांपुढे ठेवावे. कुरूप, अशुभ म्हणून हिणवलेला हा पक्षी मेलेली जनावरे फस्त करून गाव स्वच्छ ठेवीत असे. १९९० च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. गुरे पाळणाऱ्या घरातील मूल वडिलांना एवढे नक्की सांगू शकते की, जनावरासाठी औषध आणताना मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे का, हे पशुवैद्यकांना विचारा.

अभ्यासक्रमाचे ओझे आधीच जड आहे, त्यात ही भर कशासाठी, असा आक्षेप काही शिक्षक घेतील. त्यासाठी वेगळ्या तासिकेची गरज नाही. निवासी शाळेत विद्यार्थी चोवीस तास एकाच आवारात वावरतात. निरीक्षणासाठी एवढी अनुकूल जागा दिवसाच्या शाळेला लाभत नाही. प्रत्येक वर्गाने आवाराची एक नोंदवही ठेवावी. कोणत्या झाडावर कोणता पक्षी घरटे बांधतो, पहिला बेडूक कोणत्या पावसात ओरडला, वटवाघळे कोठे लटकतात, हे तारखेसह लिहावे. प्राण्यांची गावाकडची नावे मुलांनी आजीआजोबांकडून गोळा करावीत. ती नावेही प्राण्यांइतक्याच वेगाने नाहीशी होत आहेत. भोजनगृहातील खरकटे झाकून ठेवावे, कारण खरकट्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पालापाचोळा न जाळता खड्ड्यात कुजवावा. गलोल आणि नायलॉनचा मांजा आवारातून हद्दपार करावा. गावाला गेल्यावर कठडा नसलेली विहीर दिसली तर ग्रामपंचायतीच्या नजरेस आणावी. अशा विहिरींत पडून कित्येक वन्यप्राणी प्राणास मुकतात.

ही कामे लहान आहेत आणि मुलांच्या आवाक्यातली आहेत. प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये संविधानात समाविष्ट झाले. संविधानावर निष्ठा असणाऱ्या शाळेत ते केवळ पाठांतरापुरते राहू नये. या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थाचालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की, येत्या वन्यजीव सप्ताहात मुलांना आधी आवारात नेऊन दहा जीवांची नावे विचारावीत. जी सांगता येणार नाहीत, तेथून अध्यापनाला आरंभ करावा.