सुताराचे नाव दगडावर

सुट्टी लागली की मुले माथेरान-महाबळेश्वरचा हट्ट धरतात. यंदा आम्ही दोन घरांनी मिळून जीप केली, खर्च वाटून घेतला, डबे घरचे घेतले आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने मावळात गेलो.

कार्ल्याला येणारी बहुतेक गर्दी एकवीरेच्या देवळाशीच थांबते. शेजारचे चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे, लांबी सुमारे १२४ फूट. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपासून तिथेच आहेत. ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ असे वाटेत कुणीतरी सांगतेच. वाद घालू नये, मुलांना सरळ शिलालेखांपाशी न्यावे. कोणी काय दिले, कुठल्या गावचा, हे तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. माझा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, त्यामुळे मला तर ती जमेची बाजूच वाटली! वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, यवन आहेत, भिक्खुणी आहेत. धेनुकाकटचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्ये विकणारा. त्याने दरवाजाचे दान दिले. आणि दरवाजा घडवणारा धेनुकाकटचाच सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. दान देणाऱ्याबरोबर घडवणाऱ्याचेही नाव! आजच्या इमारतींवर उद्घाटन करणाऱ्याची पाटी असते, गवंड्याची कुठे असते?

आई खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, “सुताराचं नाव? मग राजानं काय केलं?” आमची थोरली सातवीत आहे. तिने वहीत सामीचे नाव उतरवून घेतले.

मळवलीच्या पलीकडे भाजे. ती लेणी आणखी जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. चौदा स्तूप तिथे एकत्र आहेत, काहींवर थेरांची नावे. स्तूपावर बसून फोटो काढणाऱ्यांना हटकावे, पण आपल्याच पोरांनाही सांगावे लागते, की लेण्याच्या भिंतीवर रंगाने ‘जयभीम’ लिहिणे म्हणजे सामीच्या कामावर रेघोट्या ओढणे.

परतीआधी देहूरोडला गेलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. दोन वर्षांनी नागपूरची दीक्षा झाली. आईने मेणबत्ती लावली, मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटले.

जाणाऱ्यांनी बॅटरी जरूर न्यावी. उजेड तिरपा पाडला की पुसट अक्षरेही उठून दिसतात. कार्ल्याला पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हाताऱ्या माणसांना सकाळच्या गारव्यातच चढवावे.