जुना स्पीकर: दुरुस्त करावा की बदलावा?

वऱ्हाडात लग्नसराई आणि उरुसांचा हंगाम आटोपला की अमरावती व अकोल्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत फाटलेल्या, जळालेल्या स्पीकरांची रांग लागते. त्यात मंडपवाल्यांचे मोठे बॉक्स असतात, कव्वाली पार्टीचे अँप्लिफायर असतात आणि क्वचित एखादा ऑर्केस्ट्राच्या जमान्यातला, मालकाने जिवापाड जपलेला गिटारचा अँप्लिफायरही येतो. गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असतो, "उस्ताद, हा दुरुस्त होईल की नवाच टाकू?" या प्रश्नाचे इमानदारीने उत्तर देणारा कारागीर कमी होत चालला आहे. आम्हाला काळजी वाटते ती याचीच.

"नवाच टाका" हे उत्तर सोपे आहे. माल आणायचा, चार स्क्रू आवळायचे आणि नफा मोजायचा. परंतु प्रत्येक वेळी ते गिऱ्हाइकाच्या हिताचे असतेच असे नाही. 1960 च्या सुमारास इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या एसी-30 या गिटार अँप्लिफायरमध्ये सेलेशनचे 15 वॅटचे दोन स्पीकर बसवलेले असत. आजच्या बाजारात 15 वॅट म्हटले की लोक हसतात. पण तो स्पीकर 1 वॅटवर, 1 मीटर अंतरावर सुमारे 100 डेसिबल आवाज देतो. त्याच्या जागी 97 डेसिबलचा, पण शंभर वॅटचा शिक्का असलेला स्पीकर टाकला, तर तेवढाच आवाज काढण्यासाठी अँप्लिफायरला दुप्पट ताकद लावावी लागेल. वॅट म्हणजे स्पीकरची सोसण्याची ताकद, आवाजाचे माप नव्हे. ही साधी गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली जात नाही. एके काळी टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ'चे हजारोंचे आकडे छापून लोकांना भुलवले गेले, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट मॅग्नेटची. जुन्या चांगल्या स्पीकरांत अल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रणाचा 'अल्निको' मॅग्नेट असे. 1970 च्या दशकाच्या शेवटी झाईरमधल्या गडबडीमुळे कोबाल्ट कडाडला आणि बहुतेक कंपन्या स्वस्त फेराइटकडे वळल्या. म्हणून अल्निकोचा स्पीकर भंगारात किलोवर विकणे म्हणजे शुद्ध नुकसान. मात्र त्याचा मॅग्नेट कधीही उघडू नये. जोडणीतून सुटा केला की त्याची ताकद घटते, आणि पुन्हा चुंबकीय करण्याचे यंत्र आपल्या लहान दुकानात नसते.

मग निर्णय कसा घ्यावा? आमच्या मते क्रम असा असावा. आधी मीटर लावावा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉईल किंवा तिची तार तुटली आहे. नंतर पडदा दोन्ही हातांनी सारखा दाबून पाहावा. खरखर आली तर कॉईल घासते आहे, किंवा गॅपमध्ये कचरा गेला आहे. फक्त बाहेरची वेणीची तार तुटली असेल, पडद्याला बारीक चीर असेल, तर तेवढेच दुरुस्त करावे. अख्खा पडदा बदलू नये, कारण नव्या पडद्याचे वजन बदलले की जुना आवाज गेला. कॉईल जळाली असेल, पण सांगाडा सरळ आणि मॅग्नेट जागेवर असेल, तर कॉईल, जाळी आणि पडदा बदलणे परवडते. सांगाडा वाकला, मॅग्नेट सरकला, किंवा स्पीकर मुळातच हलका आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जातो, तेव्हा मात्र "नवा टाका" हेच खरे उत्तर.

जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरबाबत तर दुप्पट सावधगिरी हवी. कॉईलचा टाका कच्चा राहिला आणि ऐन कार्यक्रमात सुटला, तर स्पीकरविना चालणाऱ्या अँप्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही रुपये वाचवायला गेलेल्या गिऱ्हाइकाचे मोठे नुकसान होते आणि बदनामी कारागिराची होते.

इथे इमानाचा प्रश्न येतो. जळकी कॉईल कशीबशी जोडायची, वर नवी चकचकीत टोपी चिकटवायची आणि "कॉईल नवीन टाकली" म्हणून पैसे घ्यायचे, असे करणारेही बाजारात आहेत. टोपीखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा बोटांना लागला, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वर सुके, आत ओले. टोपीखालची जळकी कॉईल हे तेच ओले धान्य नव्हे काय? म्हणून प्रत्येक दुकानदाराने काय बदलले हे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावा. याला खर्च काही नाही, आणि पत मात्र वाढते.

मंडपवाल्या बंधूंनाही दोन शब्द. कॉईल बहुधा आवाजाच्या चढाओढीत जळते. लहान अँप्लिफायर फाटेपर्यंत ताणला तरीही ती जळते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. यापुढे धंदा मोठ्या आवाजाचा नसून स्वच्छ आवाजाचा राहणार आहे. स्वच्छ आवाजासाठी चांगला कारागीर लागतो, हे लक्षात घ्यावे.

सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. सुरुवातीच्या 18 कारागिरींत सुतार, लोहार, शिंपी, कुलूप बनवणारे आहेत. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदतही आहे. रेडिओ-स्पीकर दुरुस्त करणारा मात्र त्या यादीत नाही. हातात बारीक तार घेऊन फेऱ्या मोजणारा माणूस कारागीर नाही तर कोण? ही मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या दुकानदारांनी मिळून आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी.

पण सरकारची वाट पाहत बसू नये. मुंबई रेल्वेने अकोल्यापासून जवळजवळ 600 किलोमीटर. एकट्याने चार कॉईली मागवल्या तर भाडेच अंगावर येते आणि मिळेल तो माल घ्यावा लागतो. अमरावती व अकोल्याच्या दहा-बारा दुकानांनी व्याजाविना भागीदारीत पडदे, कॉईली आणि चांगला गोंद एकत्र मागवला, तर भाव आणि दर्जा दोन्ही हातात राहतील. आणि प्रत्येक उस्तादाने निदान एक शागीर्द तयार करावा. स्पीकरचा पडदा बाजारात विकत मिळतो. कॉईल गॅपमध्ये केसभरही न घासता बसवणारा हात विकत मिळत नाही. तो हात गेला, तर मग "दुरुस्त होईल का?" हा प्रश्न विचारायलाच कोणी उरणार नाही.