उघड्या डोंगराची बाजू

गच्चीवर पापड उलटता उलटता शेजारच्या वहिनी समोरच्या डोंगराकडे बघून म्हणाल्या, "काय अवकळा आलीये हो! करपून गेलंय सगळं. याला जंगल तरी कशाला म्हणायचं?" एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मुलुंडच्या योगी हिल्सच्या मागचा उतार तपकिरी पडला होता. साग आणि ऐन पार उघडे, ओहोळाच्या कडेची चार जांभळं तेवढी हिरवी. वहिनींना दिसलं ते खरंच होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो एकट्या वहिनींचा नाही. सकाळच्या फेरीत, सोसायटीच्या वृक्षारोपणाच्या बैठकीत, जमिनीच्या वादांत तोच पुन्हापुन्हा कानावर येतो. म्हणून त्याचं रीतसर खंडन करायला हवं.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पूर्ण ताकदीनिशी. खरं जंगल म्हणजे अॅमेझॉन किंवा काँगो: बारमाही हिरवं, ओलं, जमिनीला ऊन लागू न देणारं. शाळेच्या भूगोलात जगाच्या पट्ट्यांचं चित्र असतं. विषुववृत्तीय वनं, सॅव्हाना, वाळवंट, स्टेप, तैगा, टुंड्रा. प्रत्येकाचं ठसठशीत रूप आणि प्रत्येकाचा ठरलेला प्राणी. टुंड्राला रेनडिअर, सॅव्हानाला जिराफ. मुलुंडचा डोंगर यात कुठेच बसत नाही. चार महिने हिरवा, मग उतरती कळा. म्हणजे हे कधीकाळच्या घनदाट अरण्याचं उरलंसुरलं रूप असणार. तेव्हा एक तर झाडं लावून, पाणी घालून त्याला पुन्हा हिरवं करा, नाहीतर गेलेल्या वस्तूचा सोस सोडून जमीन कामाला लावा.

यात तथ्याचा अंश आहे आणि तो मी नाकारत नाही. ज्याच्या कडेला हा डोंगर आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे 104 चौरस किलोमीटरांवर शहराचे घाव आहेत. पण डोंगर उघडा पडतो तो या घावांमुळे नाही. तो हवामानामुळे पडतो, आणि माणसाने कुऱ्हाड शोधायच्या कितीतरी आधीपासून पडत आला आहे.

पावसाचाच आकडा घ्या. अॅमेझॉनच्या पोटातल्या मानाउस शहरात वर्षाला सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतही सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे बेरीज जवळपास सारखी. फरक आहे तो वाटणीचा. मानाउसला कोरड्यातल्या कोरड्या महिन्यातही सरी येतात. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, आणि डिसेंबर ते एप्रिल आभाळ कोरडं. सुगीला घरात आलेलं धान्य वर्षभर पुरवायचं, तसं इथल्या झाडाला चार महिन्यांच्या पाण्यावर बारा महिने काढायचे असतात. दोन ठिकाणची एकूण रक्कम सारखी म्हणून जंगलही सारखं हवं, हा आग्रह चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला मान्य होणार नाही. शिधा कधी येतो यावर घर कसं चालवायचं ते ठरतं.

जगाचे नकाशे आपल्या मदतीला येत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. व्लादिमीर कोपेन हा मुळात वनस्पतीशास्त्रज्ञ. 1900 साली त्याने झाडोऱ्याच्या आधारे हवामानाचे वर्ग पाडले. त्याच्या पद्धतीत मुंबई सहसा उष्णकटिबंधीय सॅव्हाना हवामानात जाते, ब्राझीलच्या सेराडोबरोबर आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराबरोबर. उलट 2001 साली डेव्हिड ओल्सन आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीची जमीन 14 बायोम आणि 867 परिक्षेत्रांत वाटली, तेव्हा आपला किनारा आणि सह्याद्री उष्णकटिबंधीय आर्द्र रुंदपर्णी वनांच्या खान्यात गेले. म्हणजे अॅमेझॉनच्याच रंगात! एक नकाशा आपल्याला गवताळ प्रदेशाकडे ओढतो, दुसरा वर्षावनाकडे. दोन्ही आपापल्या कामापुरते बरोबर असतील, पण मुलुंडच्या डोंगराचं नाव दोघांकडेही नाही. ते नाव 1968 साली चॅम्पियन आणि सेठ यांनी भारताच्या वनप्रकारांची फेरमांडणी केली तिच्यात सापडतं: दक्षिणेकडचं आर्द्र पानझडी वन. पानझड ही या वनाची ओळखच आहे, ती त्याच्या नावात आहे. तिलाच आपण रोग म्हणतो.

आता पानझड म्हणजे काय ते जवळून पाहू. परवा उतारावरून सागाचं एक गळलेलं पान उचलून घरी आणलं. ताटाएवढं, खरखरीत, आणि मधल्या भागाची नुसती जाळी. ही जाळी केलेली असते सागावरच्या अळीने. ती गर खाते आणि शिरा सोडते. एवढ्या मोठ्या पानातून दिवसभर किती पाणी उडेल याचा अंदाज ते हातात धरलं की येतो. जमिनीतली ओल आटत चालली की साग हे गळतं भांडं टाकून देतो. टाकण्याआधी पानातलं नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी फांदीत परत ओढून घेतो. राहिलेला सांगाडा खाली पडतो, वाळवी आणि बुरशी त्याची माती करतात. याला मरण म्हणायचं असेल तर आवराआवर कशाला म्हणायचं?

आणि या "मेलेल्या" महिन्यांत डोंगरावर चाललेलं काम तर पाहा. पळस, पांगारा, काटेसावर अंगावर पान नसताना फुलतात. आड यायला पानंच नसल्यामुळे लाल-केशरी फुलं लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर मधासाठी गर्दी करतात. मे उजाडायच्या सुमारास सावरीची बोंडं उकलतात. उघड्या फांद्यांतून वारा मोकळा वाहतो आणि कापूस बी घेऊन पार आमच्या खिडक्यांपर्यंत येतो. कोशिंबाला मार्चच्या उन्हात तांबडीलाल पालवी फुटते, पावसाला तीन महिने असताना. मूळ खोल असेल आणि बुंध्यात साठा असेल तर झाड ढगाची वाट बघत बसत नाही. पहिला पाऊस येईपर्यंत पानं तयार ठेवतं, म्हणजे चार महिन्यांतला एकही दिवस वाया जात नाही.

"पण अशा जंगलात प्राणी ते काय असणार?" हा पुढचा आक्षेप. उत्तर अगदी उलट आहे. बारमाही दाट अरण्यात अन्न उंच शेंड्यांवर असतं आणि जमिनीवर उजेड पोचत नाही. तिथे चरणाऱ्या जनावरांचे मोठे कळप पोसले जात नाहीत. पानझडी वनात छत्र विरळ होतं, खाली ऊन उतरतं, गवत आणि झुडपं माजतात. चितळ, सांबर, भेकर यावर जगतात. सावरीची पडलेली फुलं चितळं वेचून खातात. आणि चितळांमागे बिबट्या येतो. 2018 च्या कॅमेरा-गणनेत उद्यान आणि लगतच्या परिसरात 47 बिबटे नोंदले गेले. कोट्यवधींच्या शहराला खेटून इतके बिबटे आहेत याचं कौतुक आपण करतो. ते ज्या उघडेपणामुळे पोसले जातात त्याला मात्र अवकळा म्हणतो. उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली लोकांनी वाघोबाला देव मानलं तेव्हा डोंगर चैत्रात असाच दिसत असणार.

या हवामानाची समज आपल्या पूर्वसुरींना होती, याचा पुरावा याच उद्यानाच्या डोंगरांत कोरलेला आहे. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि लेण्यालेण्यापाशी पाण्याचं टाकं. तिथल्या ब्राह्मी लेखांत त्या टाक्यांना "पोढी" म्हटलं आहे आणि ती दान देणाऱ्यांचे उल्लेख आहेत. कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी पन्हळींनी टाक्यात घ्यायचं आणि कोरडे महिने त्यावर काढायचे, हा भिक्षूंचा हिशेब सागाच्याच हिशेबासारखा होता. पुढे इंग्रजांनी 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव पुरा केला, तोही त्याच कारणासाठी. आजही सारी मुंबई चार महिन्यांचं पाणी धरून वर्ष काढते. शहर स्वतः ज्या शिस्तीने जगतं ती झाडाने पाळली तर आपल्याला ते आजारी का वाटावं?

आता वणव्यांचं. कोरडं जंगल जळतंच, असं म्हणून हात झटकणारे भेटतात. आर्द्र पानझडी वनात वीज पडून आग लागण्याचा प्रसंग विरळा, कारण विजा येतात त्या पावसासोबत. आमच्या उतारावर दरवर्षी दिसणारे जाळ माणसाने लावलेले असतात, कधी निष्काळजीपणाने, कधी मुद्दाम. वारंवार जळलं की मोठी झाडं तगतात पण रोपं उरत नाहीत, आणि त्या जागी घाणेरीसारखं परदेशी झुडूप शिरतं. इथे डोंगराला खरोखर इजा होते आणि इथेच आपली मेहनत लागायला हवी. जाळरेषा, गस्त, पाड्यांवरच्या लोकांना त्याचा रोजगार.

ती मेहनत जाते कुठे? रोपं लावण्यात. हेतूबद्दल मला शंका नाही, मीही खड्डे खणले आहेत. पण काय लावतो आपण? झटपट हिरवं दिसणारं गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. नाहीतर मियावाकी पद्धतीने चौरस मीटरला तीन-चार रोपं ठासून दोन-तीन वर्षं पाणी घालतो. ही पद्धत काढणाऱ्या मियावाकी यांचा आग्रह स्थानिक जातींचाच होता, आणि कारखान्याच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला ही पद्धत चालेल. डोंगरमाथ्यावरच्या कारवीच्या पट्ट्यात किंवा कातळावरच्या गवतात ती लादणं म्हणजे नांदतं घर पाडून तिथे नर्सरी मांडणं.

हिरव्याच्या या मोहाचा मोठा फटका घाटापलीकडच्या माळरानांना बसला. गवताळ माळ सरकारी कागदावर पडीक ठरला आणि तिथेही झाडं लावली गेली. माळढोक, तणमोर, लांडगे, धाविक उघड्यावर पडले. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवून दिलं की पश्चिम महाराष्ट्रातला माळ किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. ज्याला तोडलेलं जंगल समजलो ते मुळात जंगल नव्हतंच.

आणि मुलुंडचं दुसरं टोक? रेल्वे ओलांडून पूर्वेला जा. मिठागर रोड हे नावच सांगतं तिथे काय होतं. हायवेपलीकडे खाडीच्या चिखलात तिवरं उभी आहेत, चिखलातून वर आलेल्या बोटाएवढ्या मुळांनी श्वास घेत. एकाच उपनगरात, पायी दीड-दोन तासांच्या अंतरात, पानझडी डोंगर आणि भरती-ओहोटीचं खारवन अशी दोन वेगळी जगं नांदतात. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर यादीत गेली. पण लगतची मिठागरं अजून मोकळी, बिनकामाची जागा समजली जातात. 2024 मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची सुमारे 256 एकर मिठागरं धारावीकरांच्या भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. धारावीच्या माणसाला चांगलं घर मिळालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ती जागा रिकामी आहे म्हणून देता येते, हे विधान खोटं आहे. ओहोटीनंतर त्या उथळ पाण्यात शेकाट्या आणि तुतारी पक्षी चिखल टोचत फिरताना मी पाहिले आहेत, आणि जुलैच्या मुसळधारेत आधी पाणी घेते ती हीच जमीन. घरं कुठे बांधायची ते ठरवताना हा हिशेब मांडून ठरवा.

वहिनींना मी त्या दिवशी एवढं सगळं सांगितलं नाही. पापड आत घेतले आणि संध्याकाळी त्यांना वरच्या वाटेने घेऊन गेले. वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवीच्या काटक्या होत्या, गुडघाभर, पानं गळालेल्या. वहिनींच्या माहेरी रायगडात कुडाच्या भिंती याच काटक्यांच्या असत. त्यांनी हात लावून ओळखलं. ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. 2008, 2016 आणि 2024 ला हे माथे जांभळे झाले होते. फुलून झाल्यावर झाड मरतं. बोंडं वर्षभर तशीच सुकत राहतात आणि पुढच्या पावसाच्या पहिल्या थेंबांनी तडतड फुटून बी उडवतात. आमच्या समोरची रोपं त्या बियांची होती. वहिनींनी एक काटकी नखाने किंचित खरवडली. सालीखाली हिरवं होतं. "पुढचं फूल कधी मग?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, 2032. त्या बोटांवर स्वतःचं वय मोजायला लागल्या.